गावाला किती वेळा हो म्हणायचं?

आलेलं पत्र बरंच कापून देतेय.

"ताई, आम्ही कॅनडाच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीजमध्ये इनुविकला राहतो, आर्क्टिक सर्कलच्याही वर. तीन वर्षं झाली. येताना सगळ्यांनी घाबरवलं होतं की तिकडे एकटेपणानं वेड लागेल, आणि इथे उलटंच झालंय, घरात एक संध्याकाळ मोकळी नसते. मोठा अकरा वर्षांचा, त्याचं आइस हॉकी. धाकटी सात, तिचं स्केटिंग आणि स्विमिंग. नवरा ऑफिस सांभाळून व्हॉलंटियर फायर डिपार्टमेंटमध्ये, वर हॉकीचा असिस्टंट कोच. मी शाळेत नोकरी करते, शिवाय स्केटिंग क्लबचे हिशोब, ग्रीनहाऊसची कमिटी, शाळेतल्या मुलांचा सकाळचा नाश्ता, आणि जानेवारीतल्या फेस्टिव्हलचं पण काहीतरी गळ्यात आहे. आता क्लबची अध्यक्ष हो म्हणतायत. मी विचार करते म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी दुकानात तिघींनी अभिनंदन केलं! नाही म्हणायचं तरी कसं, रोज तीच तोंडं दिसतात, दुकानात, स्विमिंग पूलवर, डॉक्टरकडे. नवरा आणि मी फ्रीजवरच्या कॅलेंडरमधूनच बोलतो. त्यात नोव्हेंबरमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांचं त्या अंधारात काय होणार? आणि माझं? — थकलेली, इनुविक"

अगं, आधी ते अध्यक्षपदाचं बघू, कारण बाकी सगळं थांबेल, ते थांबणार नाही. तू जितके दिवस गप्प बसशील तितकं ते तुझं होत जाणार. वार्षिक सभेची वाट बघू नकोस, तिथे सगळ्यांसमोर नाही म्हणणं अजून जड जाईल. जिने विचारलं तिच्याकडे सरळ जा, ईमेल नको आणि मेसेज तर अजिबात नको, एवढ्याशा गावात मेसेजचा स्क्रीनशॉट तुझ्या आधी पोचलेला असतो. समोर उभी राहून सांग की अध्यक्ष मी होणार नाही, पण हा सीझन संपेपर्यंत हिशोब मीच बघेन आणि पुढे जी कोणी येईल तिला शेजारी बसवून शिकवेन. बास. कारणांची यादी देऊ नकोस. सासूबाई येतायत, मुलाचं हॉकी आहे, नवरा घरी नसतो असं एकेक सांगत बसलीस की समोरची बाई प्रेमानं प्रत्येक कारणावर उपाय काढून देईल (तिकडच्या बायका यात फार हुशार, अडचणी सोडवल्याशिवाय तिथला हिवाळा निघतच नाही) आणि शेवटी तुझ्याकडे कारण शिल्लक राहणार नाही, अध्यक्षपद तेवढं राहील. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते काय उगीच नाही.

आणि शहरातलं ते "त्या दिवशी जरा बिझी आहे" तर विसरूनच जा. शहरात खपतं, कारण तू कुठे आहेस ते कुणाला दिसत नाही. मी यलोनाइफला राहायचे, ते वीसएक हजार वस्तीचं गाव, म्हणजे तुझ्या मानानं महानगर, तरी तिथेही हे चालायचं नाही. उणे तीसमध्ये गाडीच्या इंजिनचा ब्लॉक हीटर रात्रभर प्लगला लावून ठेवावा लागतो, तर ती बंपरखालून लोंबणारी वायर आणि घराच्या भिंतीपर्यंत गेलेली एक्स्टेन्शन कॉर्ड येणाऱ्या जाणाऱ्याला दिसतेच की, वायर लावलेली म्हणजे बाई घरात, आणि बाई तर म्हणाली होती की मीटिंग आहे. तेव्हा खोटं बोलायचा ऑप्शन नाहीये, आणि मला विचारशील तर हे बरंच आहे, एकदा खरं सांगायची सवय लागली की नाही म्हणायला फार वेळ लागत नाही.

आता हे सगळं तुझ्याच वाट्याला का येतंय? तू म्हणशील माझ्या स्वभावाचा दोष. थोडा असेलही, पण जास्त दोष गणिताचा आहे. 2021 च्या जनगणनेत इनुविकची लोकसंख्या 3,137. एवढ्या माणसांत आइस रिंक चालवायची, कर्लिंग, स्विमिंग पूल, लायब्ररी, ग्रीनहाऊस, आग विझवणारी माणसं, शाळेचे कार्यक्रम, वर्षभराचे फेस्टिव्हल. मोठ्या शहरात जेवढ्या खुर्च्या भराव्या लागतात जवळजवळ तेवढ्याच इथेही, बसायला माणसं मात्र मोजकी. आणि बाजूच्या मोठ्या गावातून मदत आणू म्हणावं तर युकॉनची राजधानी व्हाइटहॉर्स रस्त्यानं बाराशे किलोमीटरच्या वर, तोही बराचसा डेम्पस्टर हायवेचा खडीचा रस्ता. तुमच्या गावातली मशीद बघतेस ना, ती 2010 साली विनिपेगला बांधून आधी ट्रकवर आणि मग मॅकेन्झी नदीतून बार्जवर टाकून चारेक हजार किलोमीटर आणलीय. ज्या गावात इमारतसुद्धा तयार करून आणावी लागते तिथे स्केटिंग क्लबला हिशोबनीस कुठून भाड्यानं आणणार? म्हणून जो कोणी एकदा हो म्हणतो त्याच्याकडेच सगळे जातात. तुझ्यावर कुणी डाव धरलेला नाहीये. तुझा नंबर त्यांना पाठ झालाय एवढंच.

तर मग सोडायचं काय? मी तुझ्या कामांकडे एकच प्रश्न घेऊन बघितलं, ही बाई उद्या आली नाही तर काय बंद पडेल. नाश्त्याला तू गेली नाहीस तर त्या सकाळी मुलं उपाशी वर्गात बसतील, तेव्हा तो ठेव, आठवड्यातून एक दिवस ठरवून घे आणि तो दिवस कधी चुकवू नकोस. नवऱ्याचं फायर डिपार्टमेंट पण ठेवा, जिथे उणे चाळीसमध्ये घर पेटतं आणि बाहेर उभं राहणंही मुश्किल असतं तिथे ते काम हौसेचं नाही. कोचिंगचं मात्र त्याला विचार. असिस्टंट कोचच्या जागेवर दुसरा बाप येऊ शकतो, दरवेळी येतोही, फक्त आधीच्यानं जागा रिकामी करावी लागते. ग्रीनहाऊसच्या कमिटीवर तू कशासाठी आहेस ते आठवून बघ. जुन्या हॉकी रिंकचं छप्पर काढून काचेसारखे पत्रे लावलेली ती जागा मला फार आवडते, तिथे वाफा घे, पालक लाव, कोथिंबीर लाव, वाट्याला येईल ते सामायिक काम कर, पण कमिटीत जर तू फक्त कोरम भरायला बसत असशील तर वाफा ठेव आणि खुर्ची सोड. फेस्टिव्हलचं "काहीतरी" म्हणतेस, तुला स्वतःलाच माहीत नाही काय ते, म्हणजे पहिलं तेच जाऊ दे. यंदा शेकोटीपाशी प्रेक्षक म्हणून उभी राहा, फटाके बघ, मुलांना हॉट चॉकलेट दे. महिनाभर गायब असलेला सूर्य परत येतोय, फेस्टिव्हल त्यासाठीच, आणि तू क्लिपबोर्ड घेऊन फिरतेयस, काय उपयोग?

जाता जाता हिशोबाचं एक सांगते. जे सोडशील ते लिहून सोड. कुणाला फोन करायचा, बँकेत सही कुणाची, रिंकची वेळ कधी बुक करायची, ग्रँटचा फॉर्म कधी भरायचा, हे सगळं एका वहीत. अशा गावांचं खरं दुखणं हेच आहे की बाहेरून आलेली माणसं दोन-तीन वर्षं जोरात कामं करतात, मग बदली होते, आणि त्यांच्याबरोबर सगळी माहिती विमानात बसून जाते. मागे राहिलेल्यांना दरवेळी पहिल्यापासून सुरुवात.

यावरून मुख्य मुद्द्यावर येते, आणि जरा टोचेल. तुझं पत्र मी परत परत वाचलं (इथे छापलंय त्याच्या तिप्पट होतं), त्यात कमिट्या आहेत, क्लब आहेत, कॅलेंडर आहे, आणि एकाही शेजाऱ्याचा उल्लेख नाही. पलीकडच्या घरात कोण राहतं? त्यांची म्हातारी कशी आहे? त्या घरचं नातवंड तुझ्या शाळेत असेल ना? तीन वर्षांत तू कुणाकडे नुसती चहाला गेलीस का, अजेंडा नसताना?

इनुविक हे मुळात ग्विचिन आणि इनुव्हिआलुइट या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या भूमीवरचं गाव. 1984 साली इनुव्हिआलुइटांचा आणि 1992 साली ग्विचिनांचा कॅनडा सरकारशी जमिनीचा करार झाला, त्यांच्या स्वतःच्या संस्था आहेत, त्यांचं स्वतःचं गावपण आहे आणि ते काही स्केटिंग क्लबच्या मीटिंगमध्ये भेटणारं नाही. ते भेटतं मोठ्या जेवणावळीला, ड्रम डान्सला, फिडलवर नाचतात तिथे, उन्हाळ्यात नदीकाठच्या कॅम्पवर जिथे मासे कापून वाळत घालतात, आणि सगळ्यात जास्त कुणी गेलं की. तिकडे मयताला गाव थांबतं. अशा वेळी तू काय करतेस? मीटिंग पुढे ढकलली गेली म्हणून सुटकेचा श्वास टाकतेस की भांडंभर काहीतरी शिजवून घेऊन जातेस? जात असशील तर माफ कर, पत्रात नव्हतं म्हणून म्हणाले. गेल्यावर फार बोलायचं नसतं. भांडं ठेवायचं, बसायचं, कुणी चहा दिला तर घ्यायचा. म्हातारी माणसं बोलायला लागली तर मध्ये प्रश्न घालू नकोस, शाळेच्या दिवसांबद्दल तर मुळीच खोदून विचारू नकोस. तुमच्या गावात निवासी शाळांची (मूळनिवासी मुलांना घरापासून तोडून जिथे ठेवायचे त्या) वसतिगृहं होती आणि त्या आठवणी अजून घराघरात आहेत, ज्याला सांगायचं तो आपणहून सांगतो.

हे मी तुला आणखी एक काम म्हणून सांगत नाहीये हं, नाहीतर फ्रीजवर "शेजारी: गुरुवार" लिहून मोकळी होशील! मला एवढंच म्हणायचंय की तुझा थकवा नुसत्या कामाचा नाही. तू गावाला सगळी ताकद दिलीस आणि गावाकडून काही घेतलंच नाहीस. कुणाकडून जेवण घेतलं नाही, मुलांना तासभर सांभाळ म्हणाली नाहीस, गाडी सुरू होत नाही म्हणून कुणाचं दार वाजवलं नाही. जी फक्त देते तिच्याकडे लोक मागायलाच येणार ना. कुणाचं उसनं घेतलंस की नातं सुरू होतं, आणि मग नाही म्हणणंही सोपं होतं, कारण समोरची तुला क्लबची हिशोबवाली म्हणून ओळखत नाही, जिच्या घरी मागच्या आठवड्यात आपण भांडं परत द्यायला गेलो होतो ती म्हणून ओळखते.

मुलांचं बोलू. हॉकी आणि स्केटिंग नुसती संध्याकाळ खात नाहीत हे तुला माहितीये, पण इथल्या वाचकांना कळावं म्हणून सांगते. इतक्या लांबच्या गावातून टूर्नामेंटला जायचं म्हणजे बहुतेकदा विमानानं, विमानाचं भाडं जमवायचं म्हणजे बेक सेल, रॅफल, बिंगो, आणि ते सगळं आयांच्या डोक्यावर. खेळ तासाभराचा, त्याच्यामागचं फंडरेझिंग महिनाभराचं. तेव्हा एका मुलाला एका सीझनला एकच खेळ, आणि खेळ निवडताना मुलाला सांगायचं की हा घेतलास की प्रवास आहे, हा घेतलास की नाही. अकरा वर्षांच्या मुलाला कळतं. आणि त्याच्या मित्राच्या घरच्यांनी कधी स्नोमोबाइलवरून कॅम्पला येतोस का विचारलं तर त्या शनिवारची प्रॅक्टिस बुडवायची, कोचची परवानगी घरातच आहे. हॉकी त्याला एडमंटनसारख्या शहरात पण मिळेल, मॅकेन्झी नदीच्या डेल्टामधला शनिवार मिळणार नाही.

संध्याकाळींचं एक सुचवते. आठवड्यातल्या दोन बंद करून टाका, कुठल्या ते तुम्ही ठरवा, फक्त सगळ्या गावाला कळू दे की त्या दिवशी हे घर बाहेर पडत नाही. लोक मान देतात, चर्चच्या दिवसाला देतात तसाच. थंडीत तुमच्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा भारतात दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेआठ झालेले असतात, म्हणजे घरी फोन करायची सोयीची वेळ नेमकी तुमच्या मीटिंगांच्या वेळेला येते. मला शंका आहे की आईशी तुझं बोलणं गाडीत, रिंकच्या पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून होतं. बरोबर ना?

आणि वर्षाकडे आठवड्यांच्या हिशोबानं बघूच नकोस, तिथलं वर्ष तसं चालत नाही. डिसेंबरच्या सुरुवातीला सूर्य जातो तो जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात परत, त्या दिवसांत घरातल्या कुणीही नवीन कशालाही हो म्हणायचं नाही, हा नियमच करा. अंधारात माणूस दोन कारणांनी हो म्हणतो, एकतर घरात बसवत नाही म्हणून नाहीतर वाद घालायची ताकद नसते म्हणून, आणि दोन्हीचं बिल मार्चमध्ये येतं. मार्च-एप्रिलमध्ये उजेड भरपूर, बर्फ पक्का, मस्करॅट जाम्बोरी नावाचा उत्सव, कुत्र्यांच्या स्लेजच्या आणि स्नोमोबाइलच्या शर्यती, बर्फावर जाळ पेटवून किटली आधी कुणाची उकळते याची स्पर्धा, तेव्हा खुशाल धावपळ करा, अंगात दम असतो. मग वसंतात नदीचा बर्फ फुटतो, पील आणि मॅकेन्झी नद्यांवरचे बर्फाचे पूल जातात, फेरीबोटी अजून सुरू नसतात, आणि रस्ता काही आठवडे तुटतो. नदी गोठताना शरदातही तेच. दिवाळी साधारण त्याच सुमाराला येते बघ, तेव्हा डाळी, रवा, बेसन, सासूबाईंना लागणारं सगळं सप्टेंबरमध्येच भरून ठेव, विमानानं आलेल्या भाजीचे भाव तुला मी सांगायला नकोत. आणि उन्हाळ्यात, जेव्हा मेच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळतच नाही, तेव्हा मीटिंग ठेवणारा माणूस मला एकदा बघायचाय. रात्री अकराला मुलं सायकलवर असतात आणि झोपवायचं कसं हाच एक प्रश्न असतो, खिडक्यांना जाड काळे पडदे लाव आणि बाकी सोडून दे.

आता सासूबाई. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं असं तुला वाटत असणार, पत्रात लिहिलं नाहीस तरी कळलं. पहिला प्रश्न, नोव्हेंबरच का? तिकीट बदलता येत असेल तर मार्चमध्ये बोलाव. सत्तरीच्या आसपासच्या बाईला नवा देश, नवं घर आणि महिनाभराची रात्र हे सगळं एकदम कशाला द्यायचं. मार्चमध्ये आल्या तर थंडी असेलच, पण झगझगीत उजेड असेल, आणि परत जाण्याआधी मध्यरात्रीचा सूर्यही बघतील. बदलता येतच नसेल तर तयारीनं या म्हणावं. तिकडून जाड कोट आणू नका सांग, उपयोग नाही, बूट आणि पार्का (टोपीवाला जाड कोट) तिथे पोचल्यावर, गावात कुणाचा जुना मिळाला तर उत्तमच (माग कुणाकडे तरी, वर काय सांगितलं मी!). सकाळी उठल्यावर अर्धा तास दहा हजार लक्सचा लाइट थेरपीचा दिवा समोर ठेवायचा, डोळ्यांचा काही त्रास असेल तर डॉक्टरला विचारून. व्हिटॅमिन डी पण विचारून. घरातली हवा हीटरनं कोरडी होते, नाकातून रक्त येतं आणि म्हातारी माणसं घाबरतात, ह्युमिडिफायर आधीच आणून ठेव. आणि दुपारी बारा ते दोन क्षितिजाकडे जो गुलाबी-निळा उजेड येतो त्या वेळेला रोज बाहेर, दहा मिनिटं का होईना, कुणीतरी हात धरून. पायऱ्या आणि बर्फ हे सगळ्यात धोक्याचं, बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे मिळतात ते घे.

पण या सगळ्यापेक्षा मोठी चूक तू करशील ती म्हणजे त्यांना फुकटची बेबीसिटर समजणं किंवा घरातली पाहुणी म्हणून सोफ्यावर बसवून ठेवणं. दोन्हीत त्या जानेवारीपर्यंत "मला परत पाठवा" म्हणणार. त्यांना स्वतःचं असं एक ठिकाण दे. लायब्ररीत जाऊ देत, ज्येष्ठांचं काही असेल तिथे घेऊन जा. इंग्लिश येत नाही म्हणशील. म्हाताऱ्या बायकांना हातात सुई-दोरा दिला की भाषा लागत नाही, आणि तिकडच्या बायका मण्यांचं आणि कातड्याचं जे शिवणकाम करतात ते बघून विणकाम-भरतकाम केलेली कुठलीही मराठी बाई हरखून जाईल. आणि सामुदायिक जेवणाला त्यांना मुद्दाम ने. तिकडे पद्धत आहे, पहिलं ताट वयस्कर माणसांना. तरुण मुलं ताटं घेऊन म्हाताऱ्यांपर्यंत जातात. तुझ्या सासूबाईंना कुणीतरी अनोळखी पोरगं वाकून ताट देईल तेव्हा त्यांचा चेहरा बघ, इनुविकबद्दलचं त्यांचं मत तिथेच ठरेल. शाकाहारी असतील तर आधी सांगून ठेव, सूपमध्ये कॅरिबूचं (तिकडच्या रेनडिअरचं) मांस असणार आणि बॅनक नावाची ती तळलेली किंवा भाजलेली रोटी साधी दिसली तरी बऱ्याचदा चरबीत केलेली असते, विचारून घ्यायचं, त्यात कुणाला राग येत नाही.

घरात त्यांच्यासमोर एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात बोलून टाका, आणि ते नवऱ्यानं बोलायचं, तू नाही. की आई, आमच्याकडे या दोन संध्याकाळी सगळे घरी असतात, बाकी दिवशी कुणी ना कुणी बाहेर असतं. नाहीतर फायरचा पेजर वाजून मुलगा जेवणावरून उठला की त्यांना वाटणार सुनेनंच घर असं करून ठेवलंय.

शेवटचं, पैशाचं. सुपर व्हिसावर (आईवडिलांना जास्त दिवस राहता यावं म्हणून असलेल्या) येत असतील तर किमान 1,00,000 कॅनेडियन डॉलरचं, निदान एक वर्षाचं मेडिकल इन्शुरन्स लागतंच. साध्या व्हिजिटर व्हिसावर सक्ती नाही, तरीही काढच, कारण टेरिटरीचा हेल्थ प्लॅन पाहुण्यांना लागू नाही आणि मोठं काही झालं तर इनुविकहून यलोनाइफ किंवा एडमंटनला एअर अॅम्ब्युलन्सनं न्यावं लागतं. पॉलिसीत हवाई मेडेव्हॅक, म्हणजे असं विमानानं दवाखान्यात नेणं, आहे का, आणि आधीपासूनचं बीपी-शुगर कव्हर होतं का, हे दोन मुद्दे एजंटकडून लेखी घे. तो तोंडी हो हो म्हणेल, त्याच्यावर जाऊ नकोस. हे या आठवड्यात कर, क्लबमध्ये नाही म्हणायला जाशील त्याच दिवशी केलंस तरी चालेल.